आखाजीला मागितलेला पाय

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. जळगावला माझ्या माहेरीही हेच आणि इकडे धुळ्याजवळ सासरीही हेच. पुण्याकडच्या माणसाला याची फार गंमत वाटते. मिशीवाला, साठी उलटलेला माणूस टोपी सावरत वाकतो आणि समोर फ्रॉकातली पोरगी चॉकलेट चघळत उभी असते. उलट मात्र चालत नाही. भाचीने मामाच्या पायाला हात लावला तर पाप मामाच्या डोक्यावर. असं का, हे मी नवी नवरी असताना सासऱ्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ते इचारानं नही." झालं, तेवढंच शास्त्र मला कळलं.

ही रीत गोड आहे, मला आवडते. पण हिच्यापायी आमच्या ह्यांचा पाय जायची वेळ आली होती, म्हणून लिहिते आहे.

आमची पिठाची गिरणी आहे. गावातली एकच, त्यामुळे कोणाच्या घरात काय खातात ते मला डब्यावरून कळतं. मला शुगर निघाली तेव्हा गावात मी एकटीच शुगरवाली आहे असं मला वाटायचं. लोक तसं बोलतच नसत. एखादी बाई गव्हाचं दळण बंद करून अचानक ज्वारी आणायला लागली की मी ओळखायची, आणि ती म्हणायची, "काही नाही हो, पोट जड होतं." ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. ह्यांनाही शुगर निघाली ती माझ्यानंतर. माझ्या वेळी हसले होते, "गोड खाऊन खाऊन मिळवलीस." स्वतःची निघाल्यावर म्हणाले की मशीन खराब आहे.

मग गावच्या उपकेंद्रात नवीन सिस्टर आली. ती निघाली आमच्या ह्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. माझी नणंद बोदवडला दिलेली. मुलगी तिकडेच वाढली, जळगावला शिकली आणि बदली होऊन थेट आईच्या माहेरी आली. आम्हाला केवढा आनंद. तिची बोली तिकडची, आमची इकडची, त्यामुळे पहिले काही दिवस मामा-भाचीत निम्मं बोलणं "काय म्हणालीस?" यातच जायचं. शेवटी ती शाळेच्या मराठीत बोलायला लागली आणि हे आपल्या अहिराणीतच राहिले.

पोरगी हुशार. उपकेंद्रात बसून राहिली तर कोणी येत नाही, हे तिने पाहिलं. एकदा माझ्याकडे दळणाला आली आणि ओट्यावर बसलेल्या बायका बघून म्हणाली, "मामी, इथेच घेऊ या." गुरुवारी आमच्याकडे लाईट नसते, गिरणी बंद, ओटा रिकामा. मग दर गुरुवारी सकाळी शुगरवाल्यांची बैठक आमच्या ओट्यावर भरायला लागली. ती बोटं टोचायची, आकडा सांगायची, गोळ्या बघायची. मी चहा करायची, बिनसाखरेचा, आणि तोंड वाकडं करणाऱ्याला सुनवायची. सगळ्यांनी मिळून पाझर तलावापर्यंत चालून यायचं. कोणी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीत उडीद किती घालायचे ते सांगायचं, कोणी भरिताला तेल कमी कसं लागतं ते. एका आबांनी साखर सोडली आणि गुळावर आले, कारण शुगर म्हणजे साखर, गूळ कुठे इंग्रजी आहे. त्यांना समजावता समजावता आमचा उन्हाळा लागला. गावाने आम्हाला नाव ठेवलं गोड मंडळ. ठेवू देत. मला ते गुरुवार फार आवडायचे. आजारी माणसं एकत्र बसून इतकी हसतात, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

सगळं छान चाललं होतं आणि एका गुरुवारी पोरगी म्हणाली, "आज सगळ्यांचे पाय बघायचे." शुगरने पाय बधिर होतात, जखम झाली तरी कळत नाही, मग ती चिघळते, असं तिने नीट समजावून सांगितलं. बायकांनी पाय पुढे केले. आबा, नाना, भाऊ, जेवढे पुरुष होते तेवढ्यांनी पाय धोतरात आणि पायजम्यात ओढून घेतले. मला कळेना काय झालं. मग तो गुळवाला आबाच म्हणाला, "बाई, तू आम्हना गावनी भाची शे. तुना हात आम्हना पायले? नही."

बरोबरच होतं त्यांचं. गावाच्या लेकीची लेक म्हणजे अख्ख्या गावाची भाची. ज्यांनी तिला पाहताच वाकून नमस्कार केला होता, ते तिच्या हातात पाय कसे देणार? ती हसली, म्हणाली, "आबा, मी इथे सिस्टर आहे." आबा म्हणाले, "ते दवाखानामा. इथे भाची शे." त्यांच्या मागून आमचे हे सगळ्यात जोरात मान हलवत होते. सख्खा मामा ना.

तेव्हा मी हसले होते. घरी येऊन ह्यांची नक्कलही केली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गिरणीला उसंत नसते. पुरणपोळीचे गहू, बेसनाची डाळ, वर उन्हाळ्याची पापडांची पिठं. त्या गर्दीत दगड बोथट झाले म्हणून ह्यांनी गिरणी उघडून दगडांना टाकी लावली. हे काम ते कोणाला करू देत नाहीत. छिन्नी-हातोडी घेऊन बसतात आणि दगडाच्या कपच्या चहूकडे उडतात. आणि गिरणीत आम्ही चप्पल घालत नाही. पीठ म्हणजे अन्न, त्यावर चपलेने कोण चालेल. कपच्या झाडून काढल्या, दळण सुरू झालं, आम्ही विसरलो.

मग एक दिवस मी सकाळी गिरणी झाडायला गेले. रात्रभर जमिनीवर पीठ बसतं आणि हे आधी जाऊन मोटर बघून येतात, त्यांची पावलं त्या पिठात उमटलेली असतात. एका पावलाची टाच ओली होती. ओली आणि लालसर. पीठ तिथे चिकटून लगदा झालं होतं.

मी विचारलं. म्हणाले, पाणी सांडलं. मी म्हटलं, लाल पाणी? म्हणाले, टाच फुटली आहे, भेग आहे, दरवर्षीचीच, हळद-तेल लावून फडकं बांधलं आहे. मी म्हटलं, दाखवा. तर माझ्या अंगावर ओरडले. आमचे हे कधी ओरडत नाहीत. ओरडले तेव्हा मला कळलं की ते स्वतःच घाबरले आहेत.

"दुखतच नही ते," ते म्हणाले. "दुखतं तर दखाडतो."

"दुखत नाही म्हणूनच तर!" मी म्हटलं. "दर गुरुवारी ऐकता काय मग? ओट्यावर बसून काय फक्त माझा चहा पिता?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी सिस्टरला सांगते म्हटलं तर म्हणाले, तिने पायाला हात लावला तर मी अन्न सोडीन. मग धुळ्याला चला म्हटलं तर, आखाजी व्हऊ दे. आखाजीपर्यंत गिरणी बंद ठेवली तर लोक पुरणपोळ्या कशाच्या करतील? आणि वर मला म्हण ऐकवली, हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, पाय दाखवून. ते हसले नाहीत. मीही हसले नाही.

ते दिवस मला आठवले तरी राग येतो. रोज सकाळी मी पिठावरची पावलं बघायची. त्यांच्या पायाला वास यायला लागला होता, पिकलेल्या फळासारखा, आणि ते अंगाला उटणं लावावं तसं कडुनिंबाचं तेल चोपडून तो झाकत होते. मी भाचीला सांगितलंच. मला कुठे अन्न सोडायची शपथ होती? ती घरी आली. तिला बघताच हे मागच्या दाराने शेतात गेले. पुन्हा आली, पुन्हा गेले. गावातली पोरंसोरं नाही, नवऱ्याच्या वयाचे लोक मला म्हणायचे, "वहिनी, त्याचं बरोबर आहे, भाचीचा हात नको." मी म्हटलं, "मग तुमचा हात आणा, आहे का दम?" कोणी आलं नाही. मला पहिल्यांदा त्या रीतीचा राग आला. सगळे देवभोळे, आणि पाय जाणार होता माझ्या नवऱ्याचा.

आखाजी आली. खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. नणंद बोदवडहून आली, तिच्या शेजारी भाची, नवी साडी नेसून, कारण त्या दिवशी ती सिस्टर नव्हती. मी पुरणपोळ्या केल्या, रस काढला. भाचीने आधीच बजावलं होतं: मामा-मामीला एकच पोळी, रस वाटीभर, त्यात साखर नाही. मी तेवढंच वाढलं. हे काही न बोलता जेवले. एरवी अर्ध्या पोळीवरून भांडणारा माणूस. तापही होता अंगात, मला हात लावून कळला होता.

जेवणं झाली. आता भाचीला द्यायचं. हे उठले, लंगडत आले, तिच्यासमोर वाकून नमस्कार केला, साडीचं पाकीट पुढे केलं. आमच्याकडे त्या वेळी विचारायची पद्धत आहे. भाची काही मागेल तर मामाने नाही म्हणायचं नाही. सगळे विचारतात, मागत कोणीच नाही.

"काय जोयजे तुले, बाई, सांग," ते म्हणाले.

ती पाकिटाकडे बघत नव्हती. "मामा, खरंच देणार?"

"तू मांग तर."

"मग तुमचा उजवा पाय द्या."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काही माहीत नव्हतं, पण भावाच्या तोंडावरून तिने ओळखलं. हे उभेच होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी बघत होते, आणि मनात म्हणत होते, आता नाही म्हणालात तर मी या घरात राहणार नाही. एकीकडे पाप, दुसरीकडेही पाप. भाचीला हात लावू दिला तरी पाप, भाचीने मागितलेलं दिलं नाही तरी पाप. बिचाऱ्यांना चहूकडून बांधलं होतं पोरीने.

ते खाटेवर बसले. तोंड भिंतीकडे केलं. "ले," म्हणाले, "तुना शे आते."

ती खाली बसली. पाय मांडीवर घेतला. फडकं सोडायच्या आधी तिने पिशवीतून एक काडी काढली, तिला नायलॉनचा बारीक दोरा बसवलेला. म्हणाली, "मामा, डोळे मिटा. दोरा लागला की हां म्हणा." तिने तळव्याला दोरा टेकवला. हे गप्प. दुसऱ्या जागी टेकवला. गप्प. अंगठ्याखाली टेकवला, दोरा वाकेपर्यंत. गप्प. मग तिने हात मागे घेतला आणि नुसती बसून राहिली, काही न लावता.

"हां," हे म्हणाले. "लागनं."

थोड्या वेळाने पुन्हा ते म्हणाले, "हां, हे बी लागनं." डोळे घट्ट मिटलेले, कपाळाला घाम. परीक्षेत नापास व्हायला नको म्हणून पोरगं वाटेल ते उत्तर ठोकतं ना, तसे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. चाळीसेक वर्षं ज्याच्याशी भांडत आले, तो माणूस मला त्या दिवशी एवढासा दिसला. मला त्यांच्यावर इतकी माया आली की राग कुठे गेला ते कळलं नाही.

मग तिने फडकं सोडलं. वर्णन करत नाही. टाचेत भोक पडलं होतं आणि लाली घोट्याकडे चढत होती. ती शांत होती. "मामा, आत्ता धुळ्याला जायचं," एवढंच म्हणाली. सणाच्या दिवशी, दुपारी, उरलेला रस झाकून न ठेवता आम्ही निघालो.

धुळ्याच्या डॉक्टरांनी टाच उघडली आणि आतून दगडाची कपची निघाली. तांदळाएवढी असेल. आमच्याच गिरणीचा दगड, हे त्याच्यावर उभे राहून अख्ख्या गावाच्या पुरणपोळ्यांचे गहू दळत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता. हे ऐकून हे माझ्याकडे बघेचनात. मला बोलायचं खूप होतं, पण पाय होता ना, मग बोलायला पुढे जन्म पडला होता.

दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. आमच्याकडे मुंगीही लंगडी निघाली. त्या पायावर भार द्यायचा नाही, गिरणीत जायचं नाही, खाटेवर बसून राहायचं. गिरणी मी चालवली. हे खाटेवरून ओरडून सांगायचे, पट्टा सैल आहे, आणि मी गिरणीतून ओरडायची, दिसतंय मला. इन्शुलिन सुरू झालं, ते मी द्यायला शिकले. भाची रोज उपकेंद्राचं काम आटोपून यायची आणि मलमपट्टी करायची. पट्टी झाली की हे खाटेवरूनच वाकून तिच्या पायाला हात लावायचे, आजचं पाप आजच फेडून टाकायला. ती म्हणायची, "झाला हिशेब, मामा?" ते म्हणायचे, "व्हयना."

हे गावाने पाहिलं. गावाला काय, दुसऱ्याची खिडकी नेहमी उघडी दिसते. पाऊस लागून गेल्यावर एका गुरुवारी गुळवाला आबा ओट्यावर उठून उभा राहिला, भाचीपुढे वाकला, तिच्या पायाला हात लावला आणि मग स्टुलावर बसून आपला पाय पुढे केला. तोंड मात्र दुसरीकडे. त्यामागे नाना, मग भाऊ. आता आमच्याकडे तीच रीत झाली आहे. आधी वाकायचं, मग दाखवायचं. दोघांच्या पायात काही ना काही निघालं, वेळेवर निघालं म्हणून निभावलं. चपला मात्र गिरणीत अजून घालत नाहीत. भाचीने मग आतल्यासाठी कापडी तळाचे वेगळे जोडे आणायला लावले, जे बाहेर कधी जातच नाहीत. अन्नाचा मान राहिला आणि पायही.

ह्यांची टाच भरून आली तेव्हा थंडी पडली होती. डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली आणि चाला म्हणाले. घरी येऊन ते अंगणात दोन फेऱ्या मारून आले, जपून, ओल्या सिमेंटवर चालावं तसे. मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते. ते आले आणि माझ्यासमोर खाली जमिनीवर बसले. मला वाटलं दमले.

"तुना पाय दखाड," ते म्हणाले.

मी म्हटलं, "माझ्या पायाला काय धाड भरली?"

"शुगर तुले मनापहिले निंघनी. तुना पाय कोन दखस?"

इतके गुरुवार झाले, इतक्यांचे पाय पाहिले गेले, मी चहा करत होते. भाची विचारायची तर मी म्हणायची, माझं बघ मागाहून. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय, आमच्याकडे त्याला तर पापसुद्धा म्हणत नाहीत, कारण तसं कोणी करतं हेच कोणाला ठाऊक नाही. मी पाय लुगड्यात ओढून घेतले, त्या गुळवाल्या आबासारखेच. रस्त्याने लोक जात होते. दळणाला डबा घेऊन एक सून फाटकात उभी होती.

"उठा, लोक बघतात," मी म्हटलं.

"दखू दे."

त्यांनी माझा पाय धरून मांडीवर घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि एकेक बोट बाजूला करून बघू लागले. त्यांचा हात दगडांना टाकी लावून लावून खरखरीत झालेला होता आणि मला तो लागत होता. सगळीकडे लागत होता.

"टाचले भेगा पडेल शेतस," ते म्हणाले. "तेल लावत नही का तू?"

मी म्हटलं, "तुम्हीच लावा." आणि त्यांनी त्या सुनेला तेलाची वाटी आणायला आत पाठवलं.